गणेशोत्सवात गणिताची खुली स्पर्धा घ्यायची आहे, कोडं कुठलं ठेवावं? (सविस्तर उत्तर)

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात नंदनवनकडच्या एका मंडळाला यंदा प्रश्नमंजुषेऐवजी गणिताची खुली स्पर्धा घ्यायची आहे. शहरातले ४० गणपती एकाच फेरीत पाहायचे, आणि ज्याचा रस्ता सगळ्यात कमी अंतराचा तो जिंकला, अशी त्यांची कल्पना आहे. शंका तीन आहेत. लोक मोबाईलवरून उत्तर काढतील त्याचं काय? विजेता ठरवायचा कसा? आणि आठवीतलं पोर नि इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकाच स्पर्धेत कसे बसवायचे?

मी बऱ्याच वर्षांपासून शाळांत, वाचनालयांत आणि मंडळांत अशा स्पर्धा घेतो. ज्या कोड्यात उत्तर चूक की बरोबर असं नसतं, फक्त चांगलं आणि त्याहून चांगलं असतं, त्यांची मला फार ओढ आहे. म्हणून तुमचा विचार वाचून मनापासून आनंद झाला. आता स्पष्टच सांगतो: तुमच्या तिन्ही शंका एकाच गोष्टीतून आल्या आहेत. तुम्ही कोडं निवडताना ते किती आकर्षक आहे एवढंच पाहिलंत, त्याचा चढ पाहिला नाहीत. पहिलं उत्तर पाच मिनिटांत मिळावं, तासाभराने त्याहून बरं सापडावं, आठवड्याने आणखी बरं, आणि तरीही वर जागा उरावी. शिवाय कुणीही आणलेलं उत्तर मिनिटभरात तपासून होईल असं हवं. हे जमलं की मोबाईल, विजेता आणि वयाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. स्पर्धा मांडवात होणार की घरून उत्तरं मागवणार, दिवस किती आहेत, येणारे मुख्यतः शाळकरी की कॉलेजचे, आणि तपासायला बसणारी दोन-तीन भरवशाची माणसं आहेत की नाहीत. खालचं सगळं मी शंभरेक लोक येतील आणि हाती दहा दिवस आहेत असं धरून लिहितो.

आधी तुमच्या रस्त्याच्या कोड्याबद्दल. ४० ठिकाणांच्या फेऱ्या मोजल्या तर आकडा साधारण १ वर ४६ शून्यं इतका होतो, त्यामुळे हे संगणकालाही झेपणार नाही असं वाटतं. पण चांगल्या प्रोग्रॅमला सगळ्या फेऱ्या तपासाव्या लागतच नाहीत. डँटझिग, फुल्करसन आणि जॉन्सन या गणितज्ञांनी १९५४ साली अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वात लहान फेरी काढून ती खरंच सर्वात लहान असल्याचं सिद्धही केलं होतं, तेही आजच्यासारखे संगणक नसताना. आज ४० ठिकाणांची फेरी साध्या लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवायच्या आत निघते. म्हणजे ज्याच्याकडे प्रोग्रॅम आहे तो वर पोचून थांबणार, आणि असे पाच-सहा जण आले की पहिल्या क्रमांकावर गर्दी होणार. हे अमेरिकेत घडून गेलंय. १९६२ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने ३३ ठिकाणांच्या सर्वात लहान फेरीसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि अनेकांचं उत्तर सारखंच आलं. त्यांत कार्नेगी मेलनचे प्राध्यापक गेराल्ड थॉम्पसनही होते.

चढ टिकवायचा तर ठिकाणांची संख्या प्रचंड वाढवावी लागते. २००९ साली गणितज्ञ रॉबर्ट बॉश यांनी मोनालिसाचं चित्र १,००,००० बिंदूंत मांडून सर्वात लहान फेरीचं आव्हान दिलं. युइची नागाता यांनी ५७,५७,१९१ लांबीची फेरी काढली. पुढे ५७,५७,०८४ पेक्षा लहान फेरी असूच शकत नाही हे सिद्ध झालं. मधलं अंतर फक्त १०७ आहे. मांडवात लाख बिंदू कुठून आणणार?

दुसरी अडचण नागपूरची. रस्त्याचं अंतर हा स्थिर आकडा नसतो. महाल भागातल्या गल्ल्या उत्सवात बंद असतात, बर्डीला एकेरी वाहतूक असते, आणि नकाशाचं ॲप सकाळी एक अंतर सांगतं, संध्याकाळी दुसरं. तुमच्या टेबलाशी उभा राहून कुणी म्हणेल, माझ्या रस्त्याने दोनशे मीटर वाचतात. त्याला काय उत्तर देणार? रस्त्याचं कोडं ठेवायचंच असेल तर एका प्लायवर टेकडी गणपती, झिरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर अशी पंधराएक ठिकाणं खिळे ठोकून दाखवा आणि सुतळी द्या. पंधरा खिळ्यांच्या ४,३५८ कोटींहून जास्त फेऱ्या होतात. पण सुतळी जिथे स्वतःला छेदते तिथे गुंता सोडवला की फेरी नक्की लहान होते, हे पोरांना बोटांनीच कळतं. मापताना मात्र सुतळी ताणू नका, एक जण घट्ट धरतो, एक सैल. प्रत्येक खिळ्याचे आडवे-उभे अंक लिहून ठेवा आणि लांबी हिशोबाने काढा. हे जोडकोडं म्हणून छान आहे. मुख्य स्पर्धा यावर बेतू नये.

मुख्य स्पर्धेसाठी मी टॉपस्वॉप्स सुचवेन. हा खेळ जॉन कॉनवे या गणितज्ञाचा. पत्त्यांवर १ पासून अंक लिहायचे आणि ते हव्या त्या क्रमाने एका ओळीत मांडायचे. सर्वात डावीकडे जो अंक असेल तितके पत्ते डावीकडून मोजून उलट क्रमाने लावायचे. हे करत राहायचं. डावीकडे १ आला की खेळ संपला. खेळ जास्तीत जास्त चाली चालेल असा सुरुवातीचा क्रम शोधायचा, एवढंच कोडं. चौथीतल्या मुलाला दोन मिनिटांत समजतं.

पाच पत्त्यांवर करून बघा. ३ १ ४ ५ २ मांडा. डावीकडे ३ आहे, म्हणून पहिले तीन उलटे: ४ १ ३ ५ २. आता चार उलटे: ५ ३ १ ४ २. पाचही उलटे: २ ४ १ ३ ५. दोन उलटे: ४ २ १ ३ ५. चार उलटे: ३ १ २ ४ ५. तीन उलटे: २ १ ३ ४ ५. दोन उलटे: १ २ ३ ४ ५. सात चाली झाल्या, आणि पाच पत्त्यांत याहून जास्त होतच नाहीत.

चौकस पोरं लगेच विचारतात, खेळ कधी संपलाच नाही तर? संपतोच, आणि कारण त्यांना तिथल्या तिथे सांगता येतं. समजा खेळ अखंड चालला. जे पत्ते पुन्हा पुन्हा डावीकडे येत राहतात त्यांतला सर्वात मोठा धरा. त्याच्याहून मोठे पत्ते डावीकडे यायचे थांबले की तो एकदा डावीकडे आल्यावर स्वतःच्या अंकाच्या जागी जाऊन बसतो. तिथून त्याला फक्त त्याच्याहून मोठा पत्ताच हलवू शकतो, आणि तो तर येणार नाही. मग हा पुन्हा डावीकडे येणार कसा? पोर हे ऐकून पत्ते हातात घेऊन स्वतः पडताळून बघतं तेव्हा मला ही सगळी धडपड सार्थकी लागल्यासारखी वाटते.

या खेळाचा चढ अगदी हवा तसा आहे. डावीकडे १ सोडून दुसरा कुठलाही पत्ता ठेवून वाटेल तसे पत्ते मांडले तरी काही ना काही चाली होतातच, म्हणजे शून्य हातात घेऊन कुणी घरी जात नाही. थोडं खेळल्यावर मुलांच्या लक्षात येतं की उलटं चालता येतं. शेवटच्या क्रमापासून सुरू करायचं आणि जो पत्ता स्वतःच्या जागी बसलाय त्याला उलटवून डावीकडे आणायचं. वरच्याच उदाहरणात मागे येता येता ४ २ १ ३ ५ पाशी पोचलो की २ स्वतःच्या जागी असतो आणि ५ सुद्धा. ५ निवडला तर ५ ३ १ २ ४ मिळतं, त्यात एकही पत्ता स्वतःच्या जागी नाही, म्हणून चार चालींवर वाट बंद. २ निवडला तर वाट सातपर्यंत जाते. आत्ता चांगली दिसणारी निवड पुढे कोंडीत नेऊ शकते, हा या सगळ्या विषयाचा गाभा, आणि तो इथे पाच पत्त्यांत हाती लागतो.

पत्ते वाढले की चढ झपाट्याने वाढतो. ७ पत्त्यांत जास्तीत जास्त १६ चाली, ९ मध्ये ३०, ११ मध्ये ५१ आणि १३ मध्ये ८०. तेरा पत्त्यांचे क्रम ६२२ कोटी ७० लाखांहून जास्त आहेत. संगणकाला ते झेपतात, म्हणूनच ८० हा आकडा पक्का आहे. हाताने तिथवर जाणं कठीण, पण दर संध्याकाळी चार-दोन चालींनी पुढे सरकणारी मुलं हमखास असतात. एक व्यावहारिक सूचना: खेळायचे नेहमीचे पत्ते मांडवात आणू नका. ज्येष्ठ मंडळींना ते रुचत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. जाड पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यावर मोठे अंक लिहा आणि लॅमिनेट करून घ्या, भाद्रपदातल्या ओलीने साधा पुठ्ठा दोन दिवसांत वाकडा होतो.

हे कोडं जगभरच्या प्रोग्रॅमरांनीही सोडवलंय. अल झिमरमन नावाचे गृहस्थ अशा कोड्यांच्या खुल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरवतात, त्या कित्येक आठवडे चालतात. २०११ सालच्या त्यांच्या स्पर्धेचा विषय टॉपस्वॉप्सच होता, २ पासून ९७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांइतके पत्ते घेऊन, म्हणजे एकूण २५ आकार. तुम्ही त्यांच्याकडून गुण द्यायची पद्धत जरूर घ्या. ती अशी: प्रत्येक आकाराला एक गुण, आणि तुमच्या चालींना सर्वोत्तम चालींनी भागून जे येईल तेवढा तुमचा वाटा. समजा एखाद्या मुलीने ५, ७, ९, ११ आणि १३ पत्त्यांत अनुक्रमे ७, १६, २४, ३४ आणि ४० चाली काढल्या. तिचे गुण १ + १ + ०.८ + ०.६७ + ०.५, म्हणजे ५ पैकी ३.९७. लहान आकारांत बहुतेकांना पूर्ण गुण मिळतात, म्हणून हुरूप टिकतो. खरी चुरस मोठ्या आकारांत होते. आठवीतलं पोर आणि इंजिनिअरिंगचा विद्यार्थी एकाच यादीत बसतात ते यामुळेच.

तरीही मी दोन फेऱ्या वेगळ्या ठेवायला सांगेन. मांडवातली फेरी फक्त हाताने, पुठ्ठ्याचे पत्ते घेऊन, तपासणाऱ्यासमोर. मोबाईल बाजूला. आकार १३ पर्यंतच. घरच्या फेरीत सगळं खुलं: लॅपटॉप, प्रोग्रॅम, एआय, काहीही. बंदी घालून उपयोग नसतो, कारण तुम्ही कुणाच्या घरात जाऊन बघणार नाही आणि न पाळला जाणारा नियम प्रामाणिक मुलांचंच नुकसान करतो. त्यापेक्षा कोडंच असं ठेवा की मदत घेऊनही डोकं लावावं लागेल. १३ पर्यंतची उत्तरं इंटरनेटवर आहेत, मोठ्या आकारांचीही बरीच चांगली उत्तरं सापडतात. म्हणून घरच्या फेरीत ३० किंवा ४० पत्ते द्या आणि डावीकडचे पहिले तीन पत्ते मंडळाने ठरवून द्या, समजा ५, १२, ९. मग उतरवून घ्यायला तयार उत्तर नसतं, आणि सर्वोत्तम आकडा तुम्हालाही माहीत नसतो. तसं जाहीर सांगा. आयोजकांनाही उत्तर ठाऊक नाही हे ऐकून कॉलेजची मुलं किती पेटून उठतात ते तुम्ही बघालच.

घरच्या फेरीत चढ कसा असतो तेही सांगतो, म्हणजे विचारलं तर तुम्हाला दिशा दाखवता येईल. नवखा प्रोग्रॅमर दोन पत्त्यांची अदलाबदल करतो, चाली वाढल्या तर ठेवतो, नाही तर परत फिरवतो. लवकरच तो अशा जागी अडकतो जिथे कुठलीही एक अदलाबदल फायद्याची नसते. मग अधूनमधून थोडं वाईट उत्तरही मुद्दाम स्वीकारायचं आणि हळूहळू ते कमी करत जायचं, ही युक्ती तो शिकतो. त्यापुढे शेवटापासून उलटं चालणं, आणि तेही सगळे पत्ते आधी न ठरवता, गरज पडेल तेव्हा रिकाम्या जागी अंक भरत. प्रत्येक पायरीवर आकडा वाढतो. हे सगळं शिकवायला बसलं तर सेमिस्टर जाईल.

घरच्या फेरीत सर्वोत्तम म्हणजे स्पर्धेतला आजवरचा सर्वोत्तम आकडा, त्यामुळे एक भानगड होते. कुणी पुढे गेलं की बाकीच्यांचे गुण घसरतात. पहिला ६० वर असताना ४० चालींना ०.६७ मिळतात, तो ६४ वर गेला की ०.६२५. ‘काल जास्त होते, आज कमी कसे?’ असं पालक हमखास विचारतात. पहिल्याच दिवशी फलकावर उदाहरणासह लिहून ठेवा. मांडवातल्या फेरीत मात्र ७, १६, ३०, ५१, ८० या पक्क्या आकड्यांनीच भागा, तिथे गुण फक्त वाढतील. पण हे आकडे फलकावर लावू नका, मोठ्या आकारांचे तर मुळीच नाही. जास्तीत जास्त किती हे कळलं की काही जण शोधण्याऐवजी विचारायला लागतात.

बरोबरी झाली तर आधी आलेल्या उत्तराला मान द्यावा. यात ज्यांना रोज मांडवात येता येत नाही त्यांच्यावर थोडा अन्याय होतो. मला तो मान्य आहे, कारण चिठ्ठी टाकणं त्याहून वाईट. फलकावर रोज गुण लावा, पत्त्यांचा क्रम कधीच नाही. आणि स्पर्धा संपेपर्यंत कुणी कुणाला आपला पत्त्यांचा क्रम सांगायचा नाही, हा नियम दोन्ही फेऱ्यांना सारखाच.

आता तपासणी. यात हयगय केली की स्पर्धा बसते. मांडवात दोन माणसं पुरतात: एक चाली करतो, दुसरा मोठ्याने मोजतो, आणि स्पर्धक शेजारी उभा. घरची उत्तरं फॉर्मवर घ्या आणि छोट्या प्रोग्रॅमने तपासा. इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. कुणी मराठी अंक टाकतं, कुणी इंग्रजी, कुणी स्वल्पविराम, कुणी नुसती जागा सोडतं. पायथॉनमध्ये लिहिलंत तर देवनागरी अंकाचंही पूर्णांकात थेट रूपांतर होतं. स्प्रेडशीटच्या भरवशावर राहू नका, तिथे अंक आधी बदलून घ्या. उत्तर नाकारायचं झालं तर नुसतं ‘चूक’ म्हणू नका. ‘१७ दोनदा आला आहे, २३ आलेला नाही’ असं नेमकं सांगणारा संदेश हवा. तेवढ्यावर मुलं परत येतात, नुसत्या ‘चूक’वर येत नाहीत.

ज्यांना सर्वोत्तम म्हणजे काय हे सिद्ध करून दाखवायची हौस आहे त्यांच्यासाठी शेवटच्या दोन दिवसांत बुद्धिबळाचा पट ठेवा. ८ बाय ८ च्या पटावर जास्तीत जास्त प्यादी अशी ठेवायची की कुठलीही तीन एका सरळ रेषेत येऊ नयेत, तिरप्या आणि कमी-जास्त उताराच्या रेषाही धरून. एका आडव्या ओळीत दोनपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि ओळी आठ, म्हणून १६ च्या वर जाणं अशक्य. हे सहावीतल्या मुलालाही पटतं. १६ खरंच बसतात, पण बसवायला घाम फुटतो. वरची मर्यादा एका वाक्यात सिद्ध होते आणि तिथवर पोचायला दोन तास लागतात, हा अनुभव मुलांना जरूर द्यावा.

बक्षिसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार करून ठेवा. ‘सर्वात जास्त सुधारणा’ असं बक्षीस ठेवू नका, पहिल्या दिवशी मुद्दाम वाईट उत्तर देणारे निघतात. त्यापेक्षा ठरलेले टप्पे ठेवा. तेरा पत्त्यांत अमुक चाली ओलांडल्या की प्रमाणपत्र, मग दुसरे कितीही पुढे असोत. टप्पे कुठे ठेवायचे ते मी इथून सांगणार नाही. आधी तुमच्याच वस्तीतली दहा-बारा पोरं तासभर बसवा, ती कुठवर जातात बघा आणि मग ठरवा. पहिल्या क्रमांकाला बक्षीस असू द्या, पण ते फार मोठं नको. रक्कम मोठी झाली की तक्रारी गणिताबद्दल येत नाहीत.

दिवसांचं म्हणाल तर मांडवातल्या फेरीला दहा दिवस भरपूर झाले. घरच्या फेरीला ते अपुरे आहेत, ती पोळ्याच्या आसपासच सुरू करा, म्हणजे दोनेक आठवडे मिळतील. मात्र घटक चाचण्यांच्या तारखा जवळपासच्या शाळांना आधी विचारून घ्या.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी तासभर वेळ फक्त ‘कसं काढलं’ यासाठी राखून ठेवा. आघाडीवरच्यांना बोलवाच, पण एखाद्या लहान मुलालाही त्याची युक्ती पत्ते मांडून दाखवू द्या. त्यानंतर सगळी सर्वोत्तम उत्तरं, पूर्ण क्रमासकट, फलकावर लावा आणि एक वही करून मंडळाच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी सुरुवातीचे तीन पत्ते बदलले की तीच स्पर्धा पुन्हा नवी होते, आणि ज्याला मागची वही अभ्यासायची असेल त्याला ती खुशाल देऊन टाका.